देह-क्षेत्राची ओळख

या महिन्याच्या निरूपणास आरंभ करण्यापूर्वी आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावाचून पुढचा विषय हाती घेण्याचा आम्हांस अधिकार नाही.

दोन वर्षे बंद राहिलेली पायी वारी 2022 साली पुन्हा निघाली. त्या वर्षी आमच्या दिंडीचा उत्साह काही निराळाच होता. एका मुक्कामी रात्रीच्या कीर्तनाची सेवा आमच्याकडे होती. देहाचे अनित्यत्व हा विषय. आम्ही रंगात येऊन बोलत गेलो. देह म्हणजे मळाची पिशवी, देह म्हणजे फुटके मडके, त्याचे कौतुक काय करायचे, त्याच्या दुखण्याखुपण्याकडे बघायचेच कशाला! माना डोलल्या, टाळ वाजले. आम्हांसही बरे वाटले.

त्या श्रोत्यांत आमच्या दिंडीतले एक वृद्ध वारकरी बसले होते. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो. चाळीस वर्षांची वारी, कधी खंड नाही. त्यांना साखरेचा आजार होता, हे आम्हांस ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की त्याच दिवशी वहाणेचा पट्टा लागून त्यांच्या उजव्या तळव्याला फोड आला होता. आबांनी तो कोणास दाखविला नाही. वर एक चिंधी बांधली आणि चालत राहिले. पंढरीस पोहोचले, कळसाचे दर्शन घेतले, घरी गेले. तोवर पाय काळा पडू लागला होता. पुढे महिनाभराच्या आत गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

आम्ही भेटीस गेलो. ‘आबा, अहो, सांगायचे नाही का?’ एवढेच आम्ही म्हणालो. आबा हसले आणि शांतपणे म्हणाले, ‘बुवा, तुम्हीच नाही का सांगितले त्या रात्री, देहाकडे बघू नका म्हणून?’

माउली, त्या शब्दांत राग नव्हता, टोमणा नव्हता. म्हणूनच ते शब्द अजून आमच्या काळजात रुतून आहेत. असो. झाल्या चुकीचे प्रायश्चित्त म्हणून हे निरूपण लिहीत आहोत.

येथे पूर्वपक्ष असा येईल की, ‘बुवा, देह नाशवंतच आहे. तुम्ही काही खोटे सांगितले नव्हते. मग प्रायश्चित्त कशाचे?’ याचे उत्तर असे. देह नाशवंत आहे, हे खरे. पण नाशवंत म्हणजे टाकाऊ नव्हे. दिंडीतली वीणा घ्या. तीही लाकडाची आणि तारेचीच. एक दिवस मोडणारच. म्हणून वीणेकरी ती पावसात उघडी टाकतो काय? उलट, लेकराप्रमाणे सांभाळतो. कारण ती त्याची नव्हे, सेवेची आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी देहाला ‘क्षेत्र’ म्हटले आहे. क्षेत्र म्हणजे शेत. आपल्यातले बहुतेक शेतकरी. आपल्या शेतात मुरूम कोठे, काळी कोठे, पाणी कोठून येते नि कोठे तुंबते, हे ज्याला माहीत नाही, त्याला आपण शेतकरी म्हणतो का? मग साठ-साठ वर्षे ज्या शेतात राहिलो, त्याचे बांधही आपणांस ठाऊक नसावेत, हे वैराग्य नव्हे. ही नुसती बेफिकिरी आहे. देहावर आसक्ती नसावी आणि देहाविषयी अज्ञानही नसावे, असा आमचा आजचा सिद्धांत आहे.

आता आम्हांस हे ज्ञान कोठून? आमची नात वैद्यकीच्या पहिल्या वर्षात शिकते. तिचे ते जाडजूड पुस्तक घेऊन आम्ही सुट्टीत तिच्यापुढे विद्यार्थी होऊन बसलो. पोरगी म्हणाली, ‘आजोबा, आधी नमस्कार करायचा.’ आम्ही विचारले, कोणाला? तेव्हा तिने सांगितले की, ज्यांनी मरणोत्तर देहदान केले, त्यांच्या देहावर हे विद्यार्थी शरीररचना शिकतात. आणि हात लावण्यापूर्वी त्या देहाचा मान राखण्याची शपथ घेतात. आम्ही ज्याला फुटके मडके म्हटले होते, त्या मडक्याला ही मुले गुरू मानून हात जोडतात! आमची मान खाली गेली.

हे शिक्षण काही परके नाही. प्राचीन काळी आपल्याच सुश्रुताचार्यांनी सांगून ठेवले आहे की, शरीर जाणू इच्छिणाऱ्याने मृत देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा. मग हळूहळू त्वचा सोडवीत आतले अवयव डोळ्यांनी पाहावेत. ऐकीव ज्ञान आणि डोळ्यांनी पाहिलेले ज्ञान, दोन्ही मिळाली म्हणजे विद्या वाढते, असा त्यांचा अभिप्राय. सुश्रुतांनी हाडे 300 मोजली. कारण दात आणि कूर्चा हीही त्यांनी हाडांतच धरली. आजचे शास्त्र मोठ्या माणसाची हाडे 206 मानते. तान्ह्या बाळाची त्याहून अधिक असतात. वाढता वाढता कित्येक एकमेकांत सांधली जातात.

आता पायांपासूनच आरंभ करू. वारकऱ्याने दुसरीकडून आरंभ करणे शोभणार नाही. एका पावलात 26 हाडे असतात. दोन पावलांची मिळून 52. म्हणजे सबंध देहाच्या हाडांपैकी चौथा हिस्सा नुसत्या पावलांत! पावलाखाली जी कमान असते ती दगडी पुलाच्या कमानीसारखी. पण हा पूल लवचिक आहे. पाऊल टेकले की किंचित दबतो, उचलले की पुन्हा उभा राहतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दोन फुटांचे एक पाऊल धरले, तर चार लाखांच्या वर पावले पडतात. प्रत्येक पावलाला अंगाचा सगळा भार एका पायावर येतो. तो भार लाखो वेळा झेलणारी ती कमान आपण कधी निरखून तरी पाहिली आहे का?

वर गुडघा. मांडीचे हाड देहातले सर्वांत लांब. ते नडगीच्या हाडावर टेकते. मध्ये गुळगुळीत कूर्चा, पुढे वाटी. या कूर्चेचे एक नवल ऐका. तिला रक्तवाहिनी नसते. सांध्यात तेलासारखा जो द्रव असतो, त्यातूनच ती आपले पोषण घेते. सांधा दाबला की द्रव बाहेर, सैल झाला की आत. पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यासारखे. म्हणजे गुडघ्याला बेताचे चालणे हेच अन्न. जो वर्षभर ओट्यावर बसून राहतो आणि ज्येष्ठात एकदम दिवे घाट चढू लागतो, त्याच्या गुडघ्याने तक्रार केली तर दोष घाटाचा नव्हे. वारीची तयारी दोन महिने आधीपासून रोज थोडे थोडे चालून करावी.

आता हृदयाकडे वळू. आपण हृदयात देव आहे असे म्हणतो. पण हृदय कसे आहे ते पाहत नाही. आपल्या मुठीएवढा, पाव किलोहून थोडा अधिक वजनाचा हा मांसल अवयव छातीत मधोमध, किंचित डाव्या अंगाला कललेला असतो. आत चार कप्पे. उजवे दोन कप्पे देहभर फिरून आलेले रक्त घेतात आणि फुप्फुसांकडे धाडतात; डावे दोन फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त घेतात आणि सर्वांगाला वाटतात. दारांना झडपा अशा की, रक्त पुढे जाईल, मागे फिरणार नाही. रक्त असे चक्राकार फिरते, हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे या वैद्याने 1628 साली ग्रंथ लिहून सप्रमाण सिद्ध केले.

हृदय मिनिटाला सुमारे 70 ठोके देते. म्हणजे दिवसाला एक लाख. एका मिनिटात सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते, आणि देहात सारे रक्त तरी तेवढेच. म्हणजे रक्ताची एक फेरी सरासरी मिनिटाभरात पुरी होते. रक्तातल्या तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे. हिशेब करा माउली: तेवढ्या आयुष्यात ती दीड लाखाहून अधिक फेऱ्या करते. फुप्फुसाशी जायचे, प्राणवायू घ्यायचा, बोटाच्या टोकापर्यंत पोहोचवायचा आणि पुन्हा परत. वारी म्हणजे पुन्हा पुन्हा जाणे-येणे. आपल्या प्रत्येकाच्या अंगात असे कोट्यवधी वारकरी अखंड चालत आहेत. आपण झोपलो तरी ते थांबत नाहीत.

येथे कोणी शंका घेईल की, हृदय मग कधीच विसावा घेत नाही काय? घेते. प्रत्येक ठोक्यात ते थोडा वेळ आवळते आणि त्याहून अधिक वेळ सैल पडते. विश्रांती त्याच्या कामातच ओवलेली आहे. पालखीसोहळ्यात पूर्वजांनी जागोजाग विसावे ठेवले, त्यातले मर्म हेच असावे.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. हृदयाचे कप्पे रक्ताने भरलेले असतात, तरी त्या रक्तावर हृदयाचे पोट भरत नाही. दिंडीत हजारोंना जेवू घालणाऱ्या आचाऱ्यालाही आपले ताट वेगळे मांडून घ्यावे लागते, तसे. हृदयाच्या पृष्ठभागावर ज्या बारीक रोहिण्या आहेत, त्यांतूनच त्याला अन्न मिळते. त्यांतली एखादी तुंबली की हृदयाचा तेवढा भाग मरू लागतो. मग छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, डावा हात किंवा जबडा दुखतो, दरदरून घाम फुटतो, जीव घाबरा होतो. कधी, विशेषतः मधुमेही माणसाला किंवा बाईमाणसाला, नुसता दम लागतो नि मळमळते. आपण म्हणतो, ‘गॅस झाला, ओवा खाऊ.’ माउली, ओवा नंतर खाता येईल! अशा वेळी चालणे तत्काळ थांबवावे, माणसाला बसवावे आणि 108 क्रमांकाला फोन करावा. जपमाळेचे मणी जितके, तितकाच हा आकडा. विसरण्यास सबबच नाही.

हृदयाला खालून मदत करणाराही एक सेवेकरी आहे. पायांतले रक्त वर कसे चढते? पोटरीतल्या नीलांना आतून झडपा असतात. पाऊल टाकताना पोटरी आवळली की रक्त वर ढकलले जाते आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणण्याची चाल आहे. नुसते तासन्तास उभे राहिले की ही मोट थांबते आणि पाय सुजतात. दर्शनबारीत उभे असता टाचा वर-खाली कराव्यात. मुक्कामी पाय थोडे उंचावर ठेवून निजावे.

आता श्वास. छातीच्या तळाशी घुमटासारखे एक स्नायूचे पटल आहे. ते खाली ओढले गेले की छाती फुगते आणि हवा आत येते. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोनच. कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. शेजाऱ्याला जागा देणे असे देहातही आहे! आत कोट्यवधी वायुकोश, आणि त्यांभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. तेथे प्राणवायू रक्तात जातो आणि दूषित वायू बाहेर येतो. आपल्या परंपरेत अहोरात्रीचे श्वास 21,600 सांगितले आहेत. नातीने लगेच भागाकार केला: मिनिटाला बरोबर 15. तिच्या पुस्तकात स्वस्थ बसलेल्या माणसाचे श्वास मिनिटाला 12 ते 20 असे दिले होते. आम्ही दोघेही हसलो. ज्यांनी श्वासागणिक नाम घ्यायला सांगितले, त्यांनी श्वास मोजून पाहिला होता. मात्र हेही ध्यानात असू द्या की, तंबाखूची चिलीम ओढणारा याच नाजूक कोशांत धूर भरतो. एका मुखात नाम आणि धूर, दोन्ही कशी राहावीत?

अन्नाचे थोडक्यात सांगू. घास तोंडात चावतानाच लाळेने पचनास आरंभ होतो. जठरात आंबट रस मिसळतो. पुढे सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात अन्नाचे सार रक्तात शोषले जाते आणि यकृताकडे जाते. उरले ते मोठ्या आतड्यातून बाहेर. पंगतीत घाईघाईने गिळणाऱ्याने एवढेच ध्यानात धरावे की, पोटाला दात नसतात.

पाण्याचे मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे. पाठीच्या दोन बाजूंस घेवड्याच्या बियांच्या आकाराची दोन मूत्रपिंडे आहेत. दर एकात सुमारे दहा लाख गाळण्या. दिवसभरात सुमारे 180 लिटर पाणी त्या रक्तातून गाळतात आणि त्यातले बहुतेक सगळे परत रक्तात सोडतात. सुमारे दीड लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर टाकतात. चांगले ते राखणे, वाईट ते टाकणे, हा विवेक आम्ही आयुष्यभर कीर्तनातून सांगितला. तो आमच्याच पाठीशी बसून कोणी करीत होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

उन्हात चालताना देह घाम सोडतो. तो वाळताना अंग निवते. पण घामाला पाणी लागते. पाणी संपले की घाम आटतो, अंग तापते, डोके भ्रमते आणि माणूस कोसळतो. लघवी गडद पिवळी झाली की समजावे, मूत्रपिंड पाणी मागते आहे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट देत राहावे. येथे दिंडीचालकांना हात जोडून एक विनंती आहे. वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून आपल्या कित्येक माता-भगिनी दिवसदिवस पाणीच पीत नाहीत. हे त्यांचे व्रत नव्हे, ही आपली उणीव आहे. तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या मायेला घोटभर पाणी पिण्याची भीती वाटू नये, एवढी व्यवस्था करणे हीसुद्धा सेवाच आहे.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले, तेथे आलो. मेंदूपासून मज्जारज्जू आणि तेथून मज्जातंतू सर्व अंगभर पसरले आहेत, पायाच्या अंगठ्यापर्यंत. काटा रुतला की वर्दी क्षणात वर पोहोचते. तीच वेदना. आम्ही वेदनेला शत्रू समजत होतो; पण वेदना हा चोपदार आहे. तो हाळी देतो, ‘थांबा, येथे काही घडले आहे!’ चोपदाराची हाळी न ऐकणारी दिंडी जशी रस्ता चुकते, तसेच हे.

आबांच्या पायात हा चोपदारच मुका झाला होता. पोटात जठरामागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. ती जो रस रक्तात सोडते, त्याच्या योगे रक्तातली साखर पेशींच्या घरात शिरते. त्या रसाला इन्शुलिन म्हणतात. कॅनडातल्या टोरांटो येथे 1921 साली बँटिंग आणि बेस्ट यांनी तो वेगळा काढला आणि कोट्यवधी लोकांना जीवदान मिळाले. हा रस उणा पडला किंवा लागू होईनासा झाला की साखर रक्तातच साचते. वर्षानुवर्षे साचलेली ती साखर पायाचे मज्जातंतू बधिर करते, रक्तवाहिन्या अरुंद करते, आणि जखमेत जंतूंना आयते रान मिळते. फोड आला तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालतो. चालतो म्हणून जखम खोल जाते. आबांनी दुःख सोसले असे आम्ही समजत होतो. खरे असे की, त्यांना दुःख झालेच नव्हते! त्यांना हवा होता तो दुसऱ्याचा डोळा. आणि तो डोळा त्या रात्री कीर्तनात वर आकाशाकडे लागला होता.

म्हणून आता आमच्या दिंडीत नेम केला आहे. रोज सायंकाळी हरिपाठ झाला की, साखरेचा आजार असलेल्या प्रत्येकाने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करून, शेजाऱ्याला तळवे दाखवायचे. अशांनी अनवाणी चालायचे नाही. आत हात घालून पाहिल्यावाचून वहाण-बूट चढवायचा नाही. बधिर पायावर ऊनऊन पाणी घ्यायचे नाही. फोड दिसला की त्याच दिवशी वैद्यकीय पथकाकडे, आणि पुढचा टप्पा गाडीतून. गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्याने एकादशीच्या उपवासाचे आधी डॉक्टरांना विचारायचे. कारण औषध घेऊन पोट रिकामे राहिले तर साखर एकदम उतरते, हातपाय कापतात, घाम सुटतो, शुद्ध हरपते. तशात माणूस शुद्धीवर असेल तर तत्काळ साखर-गूळ द्यावा. देवाला उपवास घडावा, अपघात नव्हे.

प्रथम पुष्कळांना संकोच वाटला. मोठ्यांनी लहानांपुढे पाय कसे करायचे? पण आपल्या पंथात एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहेच. लहान-मोठा न पाहता आपण वाकतो, पायाला हात लावतो. फक्त इतकी वर्षे डोळे मिटून लावीत होतो; आता उघडे ठेवून लावतो, एवढाच फरक.

यंदा आम्ही पुन्हा आबांकडे गेलो होतो. जयपूर पायावर ते अंगणात हळूहळू चालतात. आम्ही खाली बसलो आणि त्यांचा डावा पाय मांडीवर घेऊन तळवा पाहू लागलो. आबा संकोचून म्हणाले, ‘अहो बुवा, हे काय करता?’ आम्ही म्हणालो, ‘वाचतो आहोत, आबा. हा ग्रंथ उघडायचा राहून गेला होता.’ टाचेशी एक बारीक भेग होती. नातीने सांगितल्याप्रमाणे तिची व्यवस्था लावली आणि मग दोघांनी मिळून हरिपाठ म्हटला.

तात्पर्य, देह आपला नव्हे, म्हणूनच तो जपावयाचा. दुसऱ्याची ठेव कोणी उकिरड्यावर टाकीत नाही. ज्याची आहे त्याला ती परत देताना आपला हात कापू नये, इतके तरी आपण तिला ओळखावे, ही विनंती करून येथे लेखणी ठेवतो.

राम कृष्ण हरि.